लॅपटॉपचा तुलनात्मक तक्ता

आमच्या घरात लॅपटॉप आला त्याला आता वर्ष होत आलं. तरी अजून कुणी रस्त्यात थांबवून "थूल साहेब, पोराले लॅपटॉप घ्यायचा आहे, कोनता घेऊ?" असं विचारलं की मी खिशातून रुमाल काढतो आणि चष्मा पुसायला लागतो. चष्मा स्वच्छ असला तरी पुसतो. अख्ख्या देवळीत एवढ्या वेळा चष्मा पुसणारा दुसरा माणूस नसेल.

विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. मी एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत सव्वीस वर्षं आहे. कार्यालयाचं नाव लिहायचं तर परवानगी लागेल, परवानगीला अर्ज लागेल, आणि तो अर्ज ज्या टेबलावर जाईल तिथे मीच बसतो, म्हणजे तो सापडणार नाही. तेव्हा नाव राहू द्या. या सव्वीस वर्षांत तिथे खुर्च्या, पंखे, कपाटं, फिनाइल असं जे काही आलं, त्या प्रत्येकाचा तुलनात्मक तक्ता माझ्या हातचा आहे. तीन दुकानदारांकडून कोटेशन मागवायची, आडवे-उभे रकाने आखायचे, आकडे भरायचे आणि सगळ्यांत कमी आकड्याभोवती लाल शाईने गोल करायचा. ज्याच्याभोवती गोल तो एल-वन. ऑर्डर त्याला. पंखे फिरले नाहीत, फिनाइलला वास आला नाही, असं झालं असेल; पण माझ्या तक्त्यावर ऑडिटने आजवर एक आक्षेप काढलेला नाही.

माझी मुलगी सुरभी नागपूरला आर्किटेक्चरला आहे. गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती सुटीला म्हणून घरी आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, मले लॅपटॉप लागते."

पुण्याच्या एका मोठ्या वास्तुरचना कार्यालयाने सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी मुलं निवडायची ठरवली होती. सगळ्या महाराष्ट्रातून आठ. आपल्या गावातल्या एखाद्या जागेचा नवा आराखडा करायचा आणि त्या इमारतीतून आपण चालत जातो आहोत अशी तीन मिनिटांची चित्रफीत पाठवायची. शेवटची तारीख पंचवीस मे, संध्याकाळी पाच. सुरभीने देवळीच्या आठवडी बाजारावर छप्पर कल्पलं होतं. आराखडा कॉलेजच्या संगणकावर तयार झाला होता. पण कॉलेजची लॅब तीस एप्रिलला सुटीसाठी बंद होणार होती, आणि चित्रफीत व्हायची बाकी होती.

"मी पाहून ठेवला आहे," ती म्हणाली. "वेगळं ग्राफिक्स कार्ड आपल्याले झेपत नाई. पण याच्या प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स चांगलं आहे. माझ्या मैत्रिणीकडे हाच आहे. उद्या जाऊन आणू."

उद्या जाऊन आणू! ज्या घरात भांडारपाल राहतो त्या घरात हे वाक्य उच्चारलं गेलं. मी हात धुतले आणि तिला शांतपणे समजावलं की एका मैत्रिणीकडे आहे म्हणून घेतलेल्या वस्तूला खरेदी म्हणत नाहीत.

"साडी घ्यायले जाता तवा तं पहिल्याच दुकानातून 'चाल लवकर' म्हणून ओढत आणता," आमची पौर्णिमा आमटी वाढता वाढता म्हणाली. पौर्णिमा माझी पत्नी. तिच्या बोलण्याची नोंद मी सहसा इतिवृत्तात घेत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी वर्ध्याला नीलेशच्या दुकानात गेलो. नीलेश आमच्या कार्यालयाला संगणकाचं सामान पुरवतो, म्हणजे पद्धत जाणणारा माणूस. मी म्हटलं, "नीलेश, लॅपटॉपची तीन सीलबंद कोटेशन पाह्यजे."

त्याने ड्रॉवर उघडून तीन वेगवेगळ्या दुकानांची लेटरहेड काढली आणि पेनचं टोपण काढत विचारलं, "साहेब, कोनाचा आकडा कमी बसवायचा आहे?"

मी त्याला सांगितलं की हे घरचं काम आहे, इथे खरी तुलना करायची आहे. नीलेशने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "खरी?" असं त्याने दोनदा विचारलं. मग मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पंखा माझ्याकडे वळवला.

त्या दिवशी मला पाच कंपन्यांची माहितीपत्रकं मिळाली. गोपनीयतेसाठी मी त्यांना अ, ब, क, ड, इ अशी नावं दिली, आणि तीच इथे वापरतो. सुरभीने पाहून ठेवलेला लॅपटॉप 'ब' होता.

आता प्रोसेसर या विषयाबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन, रायझन-फाइव्ह, रायझन-सेव्हन ही नावं ऐकून मला वाटलं होतं की ही सरळ श्रेणीवाढ आहे. कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक. तसं नाही. नावापुढे चार-पाच आकडे असतात, त्यात पिढी लपलेली असते, आणि शेवटी यू किंवा एच असं एक अक्षर असतं, ज्यावरून तो किती वीज खातो ते कळतं. त्यामुळे जुन्या पिढीचा सातवाला नव्या पिढीच्या पाचवाल्याच्या मागे पडतो. मोठ्या पदावरचा लहान पदावरच्यापेक्षा कमी काम करतो, हे पटायला मला वेळ लागला नाही. पण पुढची गोष्ट चमत्कारिक होती. तोच प्रोसेसर, अगदी त्याच आकड्यांचा, 'अ' कंपनीच्या लॅपटॉपात जोरात चालतो आणि 'क' कंपनीच्या लॅपटॉपात दमतो. कारण 'अ'ने त्याला वीज पोटभर दिलेली असते आणि 'क'ने लॅपटॉप बारीक दिसावा म्हणून त्याला उपाशी ठेवलेलं असतं. म्हणजे नुसती जात पाहून उपयोग नाही, सासर कसं मिळालं तेही पाहायचं.

"अन् हे आतलं ग्राफिक्स काय असते?" मी नीलेशला विचारलं.

"साहेब, एकाच घरात राहनारा लहान भाऊ समजा. वेगळी चूल नाई. रॅमही मोठ्याचीच वापरते. काही घरचे लहान भाऊ कामाचे असते, काही नुसते जेवते."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

बातमी गल्लीत पसरायला संध्याकाळ झाली नाही. आमच्या शेजारी सदाशिवराव राहतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त झाले; पण वाहतुकीवरचं नियंत्रण त्यांनी अजून सोडलेलं नाही. ते कुंपणावरून डोकावून म्हणाले, "काय म्हनते रत्नदीपभाऊ, लॅपटॉप घेऊन राह्यले म्हनते?"

"हो, तुलना चालू आहे."

"किती सीटचा आहे?"

मी सांगितलं की लॅपटॉपला सीट नसतात, कोर असतात. कुणाला सहा, कुणाला आठ, कुणाला दहा.

"तेच ते. दहाचा घ्या. पन एक सांगतो, आधी वजन पाह्यजो. हातात घेऊन पाह्यजो. हलका दिसला का समजजो, आतमधी काई नाई. आमच्या टायमाले तिकीट मशीन आलती, दोन किलोची. सोळा वर्सं चालली. मंग हलकी आली, पंधरवड्यात बंद."

मी तक्त्यात वजनाचा रकाना वाढवला. कार्यालयातल्या कांता मॅडमनी आणखी एक मुद्दा दिला. त्यांच्या मुलाला त्यांनी दुकानदाराला विचारून विचारून सगळ्यांत कमजोर ग्राफिक्सचा लॅपटॉप घेतला होता. "त्याच्यावर गेम चालूच होत नाही ना, थूल भाऊ! पोट्टं आपोआप अभ्यास करते." मुलगा काय करतो असं विचारलं तर म्हणाल्या, "मोबाईलवर गेम खेळते." तरीही मी मुद्दा टिपून घेतला.

तक्ता वाढत गेला. पाच लॅपटॉप, एकोणीस रकाने. रात्रीची जेवणं झाली की सुरभी मला वेगवेगळ्या चाचण्यांची पानं मोबाईलवर उघडून द्यायची आणि मी आकडे उतरवून घ्यायचो. पहिल्या चाचणीत एक ठरावीक चित्र तयार व्हायला कोणाला किती सेकंद लागतात ते दिलं होतं. तिथे ती म्हणाली, "यात कमी असलेला चांगला, बाबा." मला मनापासून आनंद झाला. विज्ञानसुद्धा शेवटी भांडार शाखेच्या नियमावर येतं, हे पाहून कोणालाही होईल. त्यानंतर प्रोसेसरचे गुण, ग्राफिक्सचे गुण, असे पुढचे सात रकाने मी स्वतःच भरले. ती म्हणाली होती, "मी भरू का?" मी म्हटलं, "तू लाभार्थी आहेस. लाभार्थ्याने तक्त्याला हात लावायचा नसतो."

एप्रिल संपला. कॉलेजची लॅब बंद झाली. त्याच्या आदल्या दिवशी सुरभी नागपूरला जाऊन आपली सगळी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन आली आणि तो पेन ड्राइव्ह ओढणीच्या टोकाला गाठ मारून घरभर फिरू लागली. ती तारखेबद्दल दोनदा बोलली. तिसऱ्यांदा बोलली नाही. मला वाटलं, तिला पद्धत पटली.

खरेदी समितीची बैठक दहा मेला आमच्या ओसरीवर झाली. अध्यक्ष मी, सदस्य पौर्णिमा, तांत्रिक सदस्य सदाशिवराव. सुरभी लाभार्थी असल्याने तिला आत चहा करायला पाठवलं. मी एकोणीस रकाने वाचून दाखवले. प्रत्येक रकान्यात सगळ्यांत कमी आकड्याभोवती लाल गोल होता. सर्वांत जास्त गोल 'ड'ला मिळाले होते, एकोणीसपैकी चौदा. वजनात मात्र 'ड' सगळ्यांत भारी निघाला.

"पाह्यलं?" सदाशिवराव म्हणाले. "मी म्हटलंच होतं."

"पोरीले कोनता पाह्यजे ते विचारा नं एकदा," पौर्णिमा म्हणाली.

मी तिला समजावलं की चौदा गोल आल्यावर विचारण्यासारखं काही उरत नाही. तिने सही केली. सहीच्या पुढे कंसात 'सक्तीने' असं लिहिलं होतं, ते मला फार उशिरा दिसलं.

बारा मेला लॅपटॉप घरी आला. सदाशिवराव म्हणाले नारळ फोडू, पौर्णिमा म्हणाली आधी चालू करू. मी दोन्ही थांबवलं, कारण आधी एक काम होतं. वस्तू ताब्यात आली की तिच्यावर साठा क्रमांक टाकायचा, हा आमच्या हाताला पडलेला संस्कार आहे. मी दाराच्या चौकटीला दिलेल्या पांढऱ्या ऑइल पेंटचा उरलेला डबा काढला, बारीक ब्रश घेतला आणि लॅपटॉपच्या काळ्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'र. थू. / घर / १'. सुरभीने डोळे मिटून घेतले. रंग वाळायला सहा तास लागले, त्यामुळे तो दिवस गेलाच.

तेरा, चौदा, पंधरा मे. सुरभी सकाळपासून लॅपटॉपपुढे बसायची. मी जाता-येता पाहायचो. पडद्यावर बाजाराचं छप्पर अर्धं दिसायचं आणि गोल फिरणारं चक्र पूर्ण दिसायचं. "काम छान चाललं आहे ना?" मी विचारलं. "हो बाबा," ती म्हणाली. त्या 'हो'मध्ये काय होतं ते मला तेव्हा ऐकू आलं नाही; ऐकायचंच नव्हतं बहुतेक.

सोळा मेच्या सकाळी तिने चित्रफीत तयार करायला लावली. लॅपटॉपने विचार केला आणि पडद्यावर लिहिलं: शिल्लक वेळ, एकशे अठ्ठ्याण्णव तास. ते वाचून झाल्यावर त्याच्या आतून असा आवाज यायला लागला की पौर्णिमा कुकर पाहायला स्वयंपाकघरात गेली.

सदाशिवराव आवाज ऐकूनच आले. त्यांनी लॅपटॉपच्या पोटाला हात लावला आणि लगेच काढला. "अरे बाप्पा! इंजिन गरम होऊन राह्यलं. बाहेर शेहेचाळीस डिग्री, त्याचं काय चुकलं? थांबा." ते गेले आणि आपला कूलर ओढत घेऊन आले. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात स्वतःचा कूलर दुसऱ्याच्या घरी आणून देणं हा शेजारधर्माचा कळस आहे, तेव्हा नाही कसं म्हणणार? त्यांनी कूलरच्या वाळ्याच्या नव्या ताट्या पाण्याने भिजवल्या, कूलर लॅपटॉपच्या तोंडासमोर लावला आणि पूर्ण वेगात सोडला. पहिल्या मिनिटाला आम्हा सगळ्यांना फार बरं वाटलं. दुसऱ्या मिनिटाला ताट्यांतलं पाणी कीबोर्डवर शिंपडलं गेलं. तिसऱ्या मिनिटाला त्याच बोर्डावर फ्रीज, कूलर आणि लॅपटॉप एकत्र लावल्यामुळे फ्यूज उडाला, आणि घर शांत झालं.

लॅपटॉप उलटा करून दीड दिवस छतावर सावलीत वाळवला. अठरा तारखेला लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, शिल्लक वेळ पुन्हा एकशे अठ्ठ्याण्णव तास दाखवू लागला, आणि मी रागावून म्हणालो, "असं होऊच शकत नाही. चौदा रकान्यांत पहिला आलेला लॅपटॉप आहे हा!"

"दाखवा बरं तक्ता," सुरभी म्हणाली.

तिने तक्ता पहिल्यांदाच हातात घेतला. बोट फिरवत गेली. मग तिचं बोट थांबलं.

"बाबा, हे गोल कमी आकड्याले काऊन केले?"

"एल-वन."

"बाबा, हे गुण आहेत. परीक्षेसारखे. जास्त असले म्हणजे चांगले."

मी म्हटलं, "तूच म्हणाली होती, कमी असलेला चांगला."

"ते सेकंदाचं होतं! तो एकच रकाना. बाकी सगळे..." तिने तक्ता माझ्यापुढे धरला. मी तक्ता परत घेतला आणि पुन्हा वाचला. सातही रकान्यांत, प्रोसेसरच्या आणि ग्राफिक्सच्या, सगळ्यांत हळू चालणाऱ्या लॅपटॉपला मी लाल शाईने, पट्टीने रेघ आखून, पहिला क्रमांक दिला होता. 'ब' सातपैकी सहा ठिकाणी सगळ्यांत वर होता. तिथे त्याच्याभोवती एकही गोल नव्हता.

सदाशिवराव ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "वजनात तं पहिला आहे नं पन." त्या दिवशी माझ्या बाजूने बोललेला तो एकमेव माणूस.

मी त्याच दुपारी लॅपटॉप पिशवीत घालून वर्ध्याची बस पकडली. बसमध्ये मनातल्या मनात भाषणं तयार केली. नीलेशने पिशवीतून लॅपटॉप बाहेर काढला, पाठीवरची अक्षरं वाचली आणि तो माझ्याकडे फिरवला.

"साहेब, हे काय करून ठेवलं?"

"साठा क्रमांक."

"सात दिवसांत परत घेतला असता मी. कंपनीशी बोललो असतो. पन याच्यावर तुमचं घर लिहून आहे. मी कोनाले विकू?" त्याने नखाने पेंट खरवडून पाहिला. पेंट चांगल्या प्रतीचा होता. त्याचा तक्ताही मीच केला होता.

पण नीलेश वाईट माणूस नाही. त्याने लॅपटॉपची पाठ उघडून आत पाहिलं. "साहेब, रॅमची एकच पट्टी आहे. मी म्हटलं नव्हतं, लहान भाऊ मोठ्याच्याच ताटात जेवते? पंगतीत वाढनारा एकच आहे. दुसरी पट्टी टाकली तं दोघं वाढतीन, काम लवकर होईन. 'ब'सारखं नाई होनार. पन होईन." ती पट्टी वर्ध्यात नव्हती. नागपूरहून यायला चार दिवस लागले.

बावीस तारखेच्या संध्याकाळी पाचला पट्टी बसवून लॅपटॉप घरी आला. सुरभीने चित्रफीत लावली. शिल्लक वेळ: एकशे दहा तास. पंचवीस तारखेला संध्याकाळी पाच वाजायला उरले होते बहात्तर. हा हिशेब करायला तक्ता लागत नव्हता.

पुण्याच्या कार्यालयाच्या सूचनापत्रात शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती. तांत्रिक कारणाने उशीर होत असेल तर दोन दिवसांची मुदतवाढ मिळू शकेल. मात्र उशिराला जबाबदार असणाऱ्या व्यक्तीचं लेखी प्रमाणपत्र जोडावं. मी नीलेशला फोन केला. तो लगेच म्हणाला, "देतो नं साहेब. मशीन खराब निघाली, दुरुस्तीले होती म्हनून लिहून देतो. शिक्का आहे. कोनत्या लेटरहेडवर पाह्यजे?"

मी सुटकेचा श्वास सोडला. खरं सांगायला हरकत नाही, त्या क्षणी मला मशीन खरोखरच खराब निघाल्यासारखं वाटू लागलं होतं. मी ही बातमी द्यायला आत गेलो. सुरभी तोंड धुवायला गेली होती आणि लॅपटॉपशेजारी तिचा मोबाईल उघडा होता. मी वाचणार नव्हतो. पण सरकारी माणसाचा डोळा अर्जाच्या मसुद्यावर आपोआप जातो. तिने लिहिलं होतं: 'लॅपटॉप निवडण्यात माझ्याकडून चूक झाली. त्यामुळे उशीर होत आहे. क्षमस्व.'

माझ्याकडून! जिला मी तक्त्याला हात लावू दिला नव्हता, जिला मी चहा करायला आत पाठवलं होतं, ती माझ्या चुकीखाली स्वतःचं नाव घालून मोकळी झाली होती. मला लाज वाटली. ऑडिटपुढे कधी वाटली नाही अशी लाज वाटली.

"सुरभी, हे पुसून टाक," ती आल्यावर मी म्हटलं.

"मंग काय लिहू? नीलेशभाऊचं खोटं सर्टिफिकेट मी नाई लावत, बाबा."

"तू काही लिहू नको. मी लिहितो."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसून मी ते प्रमाणपत्र टाइप केलं. सव्वीस वर्षांत हजारो कागद टाइप केले, पण एवढा वेळ कशालाही लागला नाही, कारण आमच्याकडे याचा नमुनाच नाही. आमच्या कार्यालयात चुका होतात, चुका निदर्शनास येतात, चुका दुरुस्त करण्याबाबत कळवण्यातही येतं. त्या कोणी केल्या असं कुठल्याच फायलीत सापडत नाही. मी आधी 'सदर संगणक निवडला गेला' असं लिहिलं. खोडलं. शेवटी झालं ते असं:

'प्रमाणित करण्यात येते की, कु. सुरभी रत्नदीप थूल हिने आपले काम वेळेत केले आहे. उशीर संगणक संथ असल्यामुळे होत आहे. संगणक नादुरुस्त नाही, तो मुळातच संथ आहे, आणि तो मी निवडला. जे आकडे जास्त असलेले चांगले ते मी कमी असलेले चांगले समजलो. योग्य संगणक कोणता ते उमेदवाराने पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी ऐकले नाही. चूक माझी आहे. सोबत तुलनात्मक तक्ता जोडला आहे.'

खाली सही. सहीखाली पदनाम लिहायची सवय. 'भांडारपाल' लिहायला हात गेला होता, तो थांबवला आणि 'वडील' असं लिहिलं.

प्रिंटर कांता मॅडमच्या टेबलाशेजारी आहे. कागद त्यांच्या हाती आधी पडला. त्यांनी तो वाचला, मग उभं राहून वाचला. "थूल भाऊ, हे खरंच पाठवून राह्यले? 'चूक माझी आहे'? असं लिहून देता येते?" दुपारपर्यंत तीन शाखांतली माणसं काही ना काही निमित्त काढून माझ्या टेबलाजवळ येऊन गेली. कोणी स्टेपलर मागितला, कोणी टाचणी. एकाने तर हळूच विचारलं, "साहेब, निलंबन वगैरे तर नाही ना?" मी मान खाली घालून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. ती सवय त्या दिवसापासूनची.

पुण्याहून संध्याकाळी उत्तर आलं: दोन दिवस मंजूर. खाली एक ओळ जास्तीची होती. 'तक्ता अत्यंत सुबक आहे.'

त्या दोन दिवसांत सदाशिवरावांनी आपल्या घरचा फ्रीज बंद ठेवला, गल्लीतल्या लायनीवर भार येऊ नये म्हणून. कूलर आणू का असं त्यांनी विचारलं, तेव्हा पौर्णिमाने त्यांच्यापुढे हात जोडले. तीनदा वीज गेली, तीनदा लॅपटॉप बॅटरीवर तगला. सत्तावीस तारखेला सकाळी चित्रफीत पूर्ण झाली. आम्ही चौघांनी ती ओसरीवर बसून पाहिली. देवळीच्या बाजारात मी आयुष्यभर भाजी घेतली आहे. पण उन्हाशिवाय, चिखलाशिवाय तो असा दिसेल हे मला कधी सुचलं नव्हतं. छपराखालून आम्ही चालत गेलो, भाजीवाल्यांच्या ओट्यांवरून, पाणी वाहून जाणाऱ्या नालीवरून, थेट दुसऱ्या टोकाला. सदाशिवराव म्हणाले, "बस कुठी थांबनार?" सुरभीने दाखवलं. त्यांनी चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आठ नावांची यादी लागली. सुरभीचं नाव सातवं होतं. पौर्णिमा रडली. मी रडलो नाही असं इतिवृत्तात लिहिता येणार नाही. जुलैच्या एक तारखेला मी स्वतः तिला वर्धा स्टेशनवर गाडीत बसवून आलो. लॅपटॉप ती घरीच ठेवून गेली. तिथे त्यांचाच संगणक मिळणार होता.

चार दिवसांनी तिचा फोन आला. जेवण कसं आहे, खोली कशी आहे, हे पौर्णिमाने विचारून घेतलं. मग फोन माझ्याकडे आला. मी न राहवून विचारलं, "बेटा, तिथं तुले कोणता संगणक दिला? प्रोसेसर कोणता आहे? ग्राफिक्स आतलं का वेगळं?"

"पाह्यलं नाई, बाबा," सुरभी म्हणाली. "चालू केला अन् कामाले लागली."

मागून तिला कोणीतरी हाक मारत होतं. तिने घाईघाईने फोन ठेवला, आणि मला फार बरं वाटलं.